व्हीपीएनवर ग्रुप वेगळे केले तरी व्हेंडरला अकाऊंट्सचं सगळं दिसून राहिलं, कुठं चुकलं?

हिंगण्याचा_आयटीवाला
बुधवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात आयटी पाहतो. आयटी म्हणजे मी एकटाच, प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच अन् फायरवॉलही मीच. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे सिस्कोचं एएसए ५५१६-एक्स फायरवॉल आहे, बाहेरून काम करणारे एनीकनेक्ट या व्हीपीएन क्लायंटनं त्यावर येतात. आधीच्या माणसानं तीन कनेक्शन प्रोफाइल बनवून ठेवले, अकाऊंट्स, डिझाइन आणि व्हेंडर. लॉगिनच्या खिडकीत ड्रॉपडाऊन येतो, त्यातून आपला ग्रुप निवडायचा, मग युजर-पासवर्ड टाकायचा, तो एडीकडून (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, कंपनीच्या सगळ्या युजरची यादी) तपासला जातो. तिन्हींना स्प्लिट टनेलची (कोणत्या नेटवर्कचं व्हीपीएनमधून जाईल त्याची) यादी वेगवेगळी दिली आहे, अकाऊंट्सला १०.२०.१०.०, डिझाइनला १०.२०.२०.० आणि व्हेंडरला फक्त मशीनचं १०.२०.४०.०. मला वाटून राहिलं होतं की झालं काम, सगळे आपापल्या खोलीत.

परवा संध्याकाळी सातला सीएनसी मशीनच्या सर्व्हिसवाल्या पोराचा फोन आला. म्हणे, "साहेब, माझ्याकडून चुकून वरचं अकाऊंट्स निवडलं गेलं अन् लॉगिन झालं, तुमचं पगाराचं फोल्डर दिसून राहिलं मला. उघडलं नाही बरं का." पोरगा प्रामाणिक म्हणून फोन केला त्यानं, नाही तर मला कधी कळलंच नसतं. मी स्वतः त्याच्या आयडीनं घरून करून पाहिलं तं खरंच, तिन्ही प्रोफाइलमधून तो आत जाते.

मग काल एलडीएपी ॲट्रिब्यूट मॅप लावून पाहिला, मेंबरऑफवरून (युजर एडीत कोणत्या ग्रुपात आहे त्यावरून) ग्रुप पॉलिसी ठरेल असा. काही लोकांना बरोबर लागून राहिला, पण अर्धे लोक जे प्रोफाइल निवडतात त्याचीच पॉलिसी घेऊन बसतात. आणि आमच्या एक मॅडम अकाऊंट्स आणि डिझाइन दोन्हींत आहेत, त्यांना फक्त एकाचंच दिसते.

जीएम साहेब सध्या पुण्याला आहेत आणि दिवसभर व्हीपीएनवरच असतात, त्यांना बाहेर काढून चालणार नाही. हे नीट कसं बसवायचं ते सांगा, शनिवारी मारबतीला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ईडापीडा घालवायची मिरवणूक) ऑफिस बंद आहे, तेव्हा करून टाकीन.


तर्री_जास्त
बुधवार, रात्री ११:०२

भाऊ आधी हे सांग, पगाराच्या फोल्डरच्या शेअरवर परवानगी कोणाला आहे? व्हेंडरचा आयडी घेऊन माणूस तिथवर पोचला हा व्हीपीएनचा घोळ, मान्य, पण त्याच्या आयडीला फोल्डर दिसलं काहून? एव्हरीवन लावून ठेवलं असशील. ते आज रात्रीच काढ, व्हीपीएन शनिवारी कर.


हिंगण्याचा_आयटीवाला
बुधवार, रात्री ११:१५

एव्हरीवनच होतं 😐 काढलं. आता अकाऊंट्सचे चार जण आणि मालक एवढेच.


पॅकेट_पाहणारा
गुरुवार, सकाळी ७:२०

चहा घेता घेता लिहून राहिलो आहे, लांबलं तर लांबलं.

तुमच्या डोक्यात दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या आहेत आणि बहुतेकांच्या होतात, माझ्याही झाल्या होत्या. कनेक्शन प्रोफाइल, ज्याला कमांडमध्ये टनेल-ग्रुप म्हणतात, तो म्हणजे गेट. माणूस कुठून आत आला, त्याचा पासवर्ड कोण तपासेल, एवढंच तो ठरवतो. आत गेल्यावर काय करता येईल ते ग्रुप पॉलिसी ठरवते. आता एएसए ही पॉलिसी कुठून उचलतो त्याला क्रम आहे. सगळ्यात वर डायनॅमिक ॲक्सेस पॉलिसी म्हणजे डॅप, त्याखाली एडी किंवा रेडियस (लॉगिन तपासणारा दुसरा सर्व्हर) कडून त्या युजरसाठी आलेलं, मग तिकडून ज्या ग्रुप पॉलिसीचं नाव आलं ती, मग प्रोफाइलला जी डिफॉल्ट पॉलिसी लावली ती, आणि सगळ्यात तळाला डीफ्लटग्रुपपॉलिसी नावाची, जी डब्यातच येते आणि काढता येत नाही. वरच्यानं जे सांगितलं नाही ते खालच्याकडून वारशानं येते.

यातच तुमच्या अर्ध्या लोकांचं उत्तर आहे. एडीकडून आलेलं काही तुमच्या मॅपशी जुळलं नाही, की एएसए काही नाही म्हणत नाही, मुकाट एक पायरी खाली उतरतो आणि प्रोफाइलची पॉलिसी देऊन टाकतो. आणि प्रोफाइल कोण निवडते, तर युजर. म्हणजे ज्याची ओळख पटली नाही त्यालाच निवडायचा अधिकार, हे असं झालं की लग्नात ज्याची पत्रिका नाही त्याला विचारायचं की बाबा तू वरपक्षाचा की वधूपक्षाचा.

म्हणून हे उलटं करा. एक नवीन ग्रुप पॉलिसी बनवा, नाव ठेवा नोॲक्सेस, त्यात एकच ओळ, व्हीपीएन-सायमल्टेनियस-लॉगिन्स शून्य. शून्य म्हणजे या पॉलिसीत एकालाही लॉगिन करता येत नाही. आता प्रोफाइलची डिफॉल्ट पॉलिसी ही नोॲक्सेस करा. ज्याचा एडी ग्रुप मॅपमध्ये सापडला तो त्याच्या पॉलिसीत जाईल, बाकीचे दारातच. मूळ किंमत तीन असते, पण अकाऊंट्स, डिझाइन, व्हेंडर या तिन्ही पॉलिसींत लॉगिनचा आकडा स्वतः लिहून ठेवा, वारशावर सोडू नका.

दुसरं, तीन प्रोफाइलची गरजच नाही. एकच ठेवा आणि ड्रॉपडाऊन काढून टाका, वेबव्हीपीएनखाली टनेल-ग्रुप-लिस्ट एनेबल आहे ते नो करायचं. पण मग सगळे डिफॉल्टवेबव्हीपीएनग्रुप नावाच्या मूळ प्रोफाइलवर येऊन पडतील, म्हणून आपल्या प्रोफाइलला ग्रुप-यूआरएल द्या आणि लोकांच्या क्लायंटमध्ये तोच पत्ता भरा. आणि या मूळ प्रोफाइललासुद्धा नोॲक्सेस लावा, हे लोक हमखास विसरतात, पुढचं दार बंद आणि मागची मोरी उघडी. काही कारणानं दोन प्रोफाइल ठेवायचेच असतील तर ग्रुप पॉलिसीत ग्रुप-लॉक टाका, म्हणजे व्हेंडर पॉलिसीवाला दुसऱ्या गेटातून आला तर परत पाठवला जाईल.

स्प्लिट टनेलवर दुसरं कोणी लिहिलं नाही तर संध्याकाळी लिहितो, आता ऑफिसला पळतो.


इतवारी_लाइनमन
गुरुवार, दुपारी १:३०

स्प्लिट टनेलचं मी सांगतो. ती यादी म्हणजे कुलूप नाही, रस्त्यावरची पाटी आहे. लॅपटॉपला फक्त एवढं सांगितलं जाते की या या नेटवर्कचं पॅकेट टनेलमध्ये टाक, बाकीचं घरच्या इंटरनेटनं जाऊ दे. म्हणजे गर्दी कमी करायला आहे ते, अडवायला नाही. अडवायचं काम व्हीपीएन-फिल्टरचं, तो ग्रुप पॉलिसीत लागते आणि एएसएवर तपासला जाते, युजरच्या लॅपटॉपवर नाही.

आणि हेही पाहून घे की सिसऑप्ट कनेक्शन परमिट-व्हीपीएन चालू असेल, मुळातच चालू असते. त्यामुळे टनेलमधून आलेल्या ट्रॅफिकला आउटसाइड इंटरफेसची ॲक्सेस लिस्ट लागूच होत नाही. आमच्याकडे एका भावानं त्या लिस्टमध्ये चाळीस ओळी लिहून ठेवल्या होत्या, एकीवर पण हिट काउंट वाढून राहिला नाही, तीन दिवस भैताडासारखा डेनाय वर-खाली करत बसला.

फिल्टर लिहिताना दिशा उलटी होते लोकांची. सोर्स म्हणजे नेहमी व्हीपीएनच्या पूलचा (येणाऱ्यांना वाटायच्या पत्त्यांचा) आयपी आणि डेस्टिनेशन म्हणजे आतलं. तुमच्या व्हेंडरसाठी असं की परमिट टीसीपी, सोर्स त्याचा पूल, डेस्टिनेशन मशीनच्या पीसीचा आयपी, पोर्ट ५९०० जर व्हीएनसी (दुरून स्क्रीन पाहायचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर. मास्क साधाच, २५५.२५५.२५५.०, राउटरसारखा उलटा नाही. शेवटी डेनाय आपोआप असते. त्यामुळे डीएनएस सर्व्हरचा पोर्ट ५३ परमिट करायला विसरू नको, नाही तं लोक म्हणतात आयपी टाकला की उघडते, नाव टाकलं की नाही, आणि तू सर्व्हर रीस्टार्ट करत बसशील.

एक बारीक गोष्ट अजून. हा फिल्टर दोन्ही बाजूंनी वाचला जाते. म्हणजे वरच्या ओळीनं मशीनच्या पीसीला सोर्स पोर्ट ५९०० धरून व्हेंडरच्या लॅपटॉपकडे कनेक्शन सुरू करायची पण मुभा मिळून जाते. व्हेंडरसाठी फार फरक नाही पडत, पण परमिट आयपी एनी एनी लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवा.


मनीषनगर_नाइटशिफ्ट
गुरुवार, दुपारी २:०५

आमच्याकडे फोर्टीगेट फायरवॉल आहे, तिथं पण हाच विचार, फक्त जागा वेगळी. तिथं युजर ग्रुप सरळ फायरवॉल पॉलिसीच्या सोर्समध्ये टाकता, आणि एसएसएल व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ग्रुपला कोणतं पोर्टल ते ठरवता. खाली एक ओळ असते ऑल अदर युजर्स/ग्रुप्सची, तिला बहुतेक लोक फुल ॲक्सेस देऊन ठेवतात कारण ती भरल्याशिवाय सेव्ह होत नाही 🤦 तिथं असं रिकामं पोर्टल द्या ज्यात ना टनेल ना वेब. आणि नवीन लावणाऱ्यांनी पाहून घ्या, फोर्टीओएस ७.६.३ पासून एसएसएल व्हीपीएनचा टनेल मोड काढून टाकला आहे, आयपीसेकवर जावं लागते.


हिंगण्याचा_आयटीवाला
गुरुवार, रात्री ११:५०

पॅकेटभाऊ, शनिवारी करणार होतो पण मला धीर धरवला नाही अन् आज रात्री दहाला घरून करायला बसलो. आता जे झालं ते सांगतो, हसू नका.

नोॲक्सेस वेगळी बनवायच्या ऐवजी मी विचार केला की सगळ्यात तळाला डीफ्लटग्रुपपॉलिसी आहेच ना, तिच्यातच शून्य टाकून देतो, एक पॉलिसी वाचली. टाकलं. दहा-पंधरा मिनिटांनी जीएम साहेबांचा फोन. जेवायला उठले होते, लॅपटॉप झोपला, परत आले तं लॉगिन फेल्ड. मग डिझाइनचा एक पोरगा. मग मालकांचा मुलगा, तो तं अमेरिकेच्या ग्राहकासोबत कॉलवर होता. माझं स्वतःचं सेशन आधीपासून चालू होतं म्हणून वाचलो, नाही तं रात्री बेशावरून हिंगण्याला गाडी काढावी लागली असती, आणि बाहेर पाऊस असा की वर्धा रोडचा नाला झाला होता.

परत तीन करून टाकलं. पण झालं काय हे अजून डोक्यात नीट बसलं नाही, तिन्ही पॉलिसी वेगळ्या आहेत ना मग त्यांना काहून लागलं?


पॅकेट_पाहणारा
शुक्रवार, सकाळी ७:०५

अरे बाप्पा. मी लिहिलं होतं ना, आकडा स्वतः लिहून ठेवा, वारशावर सोडू नका. तुमच्या तिन्ही पॉलिसींत लॉगिनचा आकडा लिहिलेलाच नव्हता, तो तळातून येत होता. तळात शून्य झालं की सगळ्यांनाच शून्य. चालू सेशन तुटत नाही कारण पॉलिसी लॉगिन होताना वाचली जाते, म्हणून तुम्ही आत राहिले आणि जे बाहेर पडले ते अडकले.

शो रन ऑल ग्रुप-पॉलिसी डीफ्लटग्रुपपॉलिसी मारून पहा, नुसतं शो रन नाही, मध्ये ऑल पाहिजे. तेव्हा न लिहिलेल्या किमतीसुद्धा दिसतात. कोणाकोणाला काय वारशानं मिळून राहिलं ते एकदा कागदावर लिहून काढा.

आणि रिमोटनं बदल करायच्या आधी, हे मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो, रीलोड इन १५ द्या. सेव्ह करू का विचारलं तर नाही म्हणा, आणि सगळं तपासून होईपर्यंत राइट मेमरी (कायमचं सेव्ह) अजिबात नाही. तुम्ही स्वतःला बाहेर काढलं तरी पंधरा मिनिटांनी डबा जुन्या कॉन्फिगवर उठतो. सगळं ठीक झालं तर रीलोड कॅन्सल, मग राइट. हे कॅन्सल विसरलं की भर दुपारी सगळे पडतात, तेही माझं झालं आहे, साइट कोणाची ते नका विचारू.


तर्री_जास्त
शुक्रवार, सकाळी ९:४०

मालकांच्या मुलाचा कॉल तोडून पण नोकरी शाबूत आहे म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल पावला भाऊ तुला


हिंगण्याचा_आयटीवाला
शनिवार, दुपारी ४:१०

तिकडे इतवारी, महालात मारबत निघून राहिली आणि मी इथं एकटा सर्व्हर रूममध्ये एसीच्या खाली. आता पद्धतशीर केलं, रीलोड इन लावून. नोॲक्सेस बनवली, एक प्रोफाइल ठेवला, ड्रॉपडाऊन गेला, मूळच्या दोन्ही प्रोफाइलला पण नोॲक्सेस लावली, डिफॉल्टआरएग्रुपसुद्धा.

पण दोन गोष्टी अडल्या. एक, अकाऊंट्सचे चारपैकी चारही नोॲक्सेसमध्ये जाऊन राहिले, म्हणजे मॅप जुळून नाही राहिला. डिझाइनचे मात्र बरोबर. दोन, व्हेंडरला वेगळा पूल दिला १०.९९.३०.०, तो लॉगिन होते, आयपी मिळते, पॉलिसी बरोबर दिसते, पण मशीनपर्यंत पिंगसुद्धा जात नाही. फिल्टर काढून पाहिला तरी तेच.


इतवारी_लाइनमन
शनिवार, दुपारी ४:३५

मारबत पाहूनच आलो आताच, घामानं ओला आहे. दुसऱ्याचं आधी. नवा पूल दिला तं त्याची नॅटमधून (पत्ता बदलण्यातून) सूट दिली का? जुन्या पूलसाठी नॅट एक्झेम्प्शनची ओळ असेल, नव्यासाठी नाही, मग परतीचं पॅकेट इंटरनेटकडच्या नॅटमध्ये शिरते. आणि तुमच्या कोअर स्विचला माहीत आहे का १०.९९.३० कुठं आहे? मशीनचा पीसी उत्तर देते, स्विच म्हणते हा कोण, आणि डिफॉल्ट गेटवेकडे टाकून देते. डिफॉल्ट गेटवे एएसएच असेल तं चालून जाईल, दुसरं काही असेल तं रूट टाकावा लागेल.


पॅकेट_पाहणारा
शनिवार, दुपारी ४:५०

पहिल्यासाठी डीबग एलडीएपी २५५ लावा आणि अकाऊंट्सच्या एकाला लॉगिन करायला सांगा. मेंबरऑफची ओळ एडीकडून जशीच्या तशी येताना दिसेल, त्याच्या खाली मॅप्ड टू ग्रुप-पॉलिसी असं लिहून येते का पहा. नसेल येत तर तुमच्या मॅपमधली ओळ आणि ही ओळ एकाखाली एक नोटपॅडमध्ये ठेवून अक्षर न अक्षर ताडा. कॅपिटल-स्मॉल, स्वल्पविरामानंतरची मोकळी जागा, सगळं. ग्रुपच्या नावात स्पेस असेल तर मॅपमध्ये अख्खी ओळ अवतरणचिन्हांत पाहिजे.

तरी नाही दिसलं तर हे दोन पहा. ग्रुपच्या आत ग्रुप घातला असेल तर मेंबरऑफमध्ये फक्त थेट ग्रुप येतो, त्याच्या वरचा नाही. आणि युजरचा प्रायमरी ग्रुप मेंबरऑफमध्ये येतच नाही, म्हणून डोमेन युजर्सवर मॅप लावणारे वर्षभर डोकं आपटत बसतात.

झालं की अनडीबग ऑल. आणि एडीशी बोलणं ३८९ वर उघडं चालू असेल तर एलडीएपीएस (एन्क्रिप्ट केलेलं) करा, ६३६, नाही तर आतल्या नेटवर्कमध्ये बसलेला कोणीही पासवर्ड वाचेल.


हिंगण्याचा_आयटीवाला
शनिवार, संध्याकाळी ६:२०

दोघांचंही बरोबर निघालं.

अकाऊंट्सचं असं झालं की एडीत त्या चौघांना व्हीपीएन ग्रुपमध्ये थेट टाकलंच नव्हतं. फायनान्स नावाचा ग्रुप आहे, तो ग्रुप व्हीपीएन अकाऊंट्सच्या आत, आणि चौघं फायनान्समध्ये. डीबगमध्ये मेंबरऑफसमोर फक्त फायनान्स दिसून राहिलं होतं. डिझाइनवाले थेट होते म्हणून ते चालले. चौघांना थेट टाकलं, दोन मिनिटांत झालं.

पूलचं म्हणाल तं नॅटची ओळपण नव्हती आणि रूटपण नव्हता. आमच्या स्विचचा डिफॉल्ट गेटवे एएसए नाही, दुसरा एक राउटर आहे ब्रॉडबँडचा, तोही आधीच्या माणसाचा पराक्रम. दोन्ही टाकलं, पिंग आला, मग फिल्टर परत लावला, पिंग गेला कारण फिल्टरमध्ये फक्त ५९०० उघडा आहे. या वेळी पिंग गेल्याचा आनंद झाला, आयुष्यात पहिल्यांदा.

आता त्या मॅडमचं काय करू, ज्या दोन्हींत आहेत?


पॅकेट_पाहणारा
शनिवार, संध्याकाळी ७:००

ग्रुप पॉलिसी एका माणसाला एकच लागते, दोन पॉलिसींची बेरीज होत नाही. मॅपमध्ये तिचे दोन ग्रुप जुळले तर दोनपैकी एक लागेल, आणि कोणती लागेल यावर काम टाकू नका. एकतर तिच्यासाठी चौथा एडी ग्रुप आणि चौथी पॉलिसी करा, फिल्टरमध्ये दोन्हीकडचं, आणि आधीच्या दोन्ही व्हीपीएन ग्रुपमधून तिला काढा. नाही तर डॅप वापरा, तिथं एडी ग्रुपवर नियम लिहिता येतात आणि दोन नियम जुळले तर त्यांच्या नेटवर्क ॲक्सेस लिस्ट एकत्र होतात. पण एका माणसासाठी डॅप उघडू नका, त्यात अडकलं की पुढचा माणूस तुमच्या नावानं बोटं मोडेल जशी तुम्ही आधीच्याच्या नावानं मोडून राहिले.

व्हेंडरसाठी अजून दोन ओळी. व्हीपीएन-सेशन-टाइमआउट मिनिटांत द्या, मुळात तो काहीच नसतो, फक्त आयडल टाइमआउट ३० मिनिटांचा असतो, आणि स्क्रीन चालू ठेवून झोपणारा व्हेंडर आयडल कधीच होत नाही. शिवाय टाइम-रेंज बनवून व्हीपीएन-ॲक्सेस-अवर्समध्ये दिला की रात्री दोनला तो लॉगिनच करू शकत नाही. मशीन रात्री बिघडलं तर तुम्हाला फोन करेल, हे आधी त्यांच्याशी बोलून घ्या.


मनीषनगर_नाइटशिफ्ट
शनिवार, रात्री १०:१५

कोणी व्हेंडरला एडीऐवजी एएसएवर लोकल युजर देत असेल तर त्याच्या ॲट्रिब्यूट्समध्ये सर्व्हिस-टाइप रिमोट-ॲक्सेस टाका. न टाकता ठेवला तर तो ॲडमिन प्रकाराचा धरला जाते. एएए ऑथरायझेशन एक्झेक लावल्याशिवाय हे तपासलंच जात नाही, म्हणून दोन्ही करा. मशीन दुरुस्त करणाऱ्यानं तुमच्या फायरवॉलवर एसएसएच करावं असं काही तुम्हाला वाटत नसेल.

आणि लॉग कुठं जातात? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि काही घडलं तर ६ तासांत कळवावं लागते. एएसएच्या आतल्या बफरमध्ये दुपारचं संध्याकाळी राहत नाही, एक जुना पीसी घ्या, लॉग साठवायचा सिसलॉग सर्व्हर करा. घड्याळ जुळवायला एनटीपी लावा त्याआधी, नाही तर लॉगमधल्या वेळेला काही अर्थ नाही.


हिंगण्याचा_आयटीवाला
सोमवार, सकाळी ११:३०

सकाळपासून वाट पाहून राहिलो की आता फोन येतील. फक्त दोन आले.

एक जीएम साहेबांचा. त्यांचा क्लायंट अजून जुन्याच पत्त्यावर जात होता, म्हणजे मूळ प्रोफाइलवर, म्हणजे नोॲक्सेस. त्यांना ग्रुप-यूआरएलवाला पत्ता फोनवर अक्षर न अक्षर सांगितला, दोनदा स्लॅश उलटा टाकला त्यांनी, तिसऱ्यांदा लागला. शो व्हीपीएन-सेशनडीबी डिटेल एनीकनेक्ट मारून पाहिलं तं पॉलिसी बरोबर, फिल्टरचं नाव बरोबर.

दुसरा त्या सर्व्हिसवाल्या पोराचा. "साहेब, ते वरचं निवडायचं कुठं गेलं?" म्हटलं मारबतीसोबत गेलं, ईडापीडा घेऊन. तो काही समजला नाही, पुण्याचा आहे. त्याला मशीनचा स्क्रीन दिसून राहिला, बाकी काही नाही. मी मुद्दाम सांगितलं की अकाऊंट्सच्या सर्व्हरचा आयपी टाकून पहा, त्यानं टाकला, बराच वेळ गोल फिरत राहिलं आणि टाइमआउट झालं.

एक टेस्ट युजर बनवून ठेवला आहे जो कोणत्याच व्हीपीएन ग्रुपमध्ये नाही. दर महिन्याच्या एक तारखेला त्यानं लॉगिन करून पाहणार, झालं नाही तर ठीक. मॅडमसाठी चौथी पॉलिसी केली. सिसलॉगचा पीसी स्टोअरमधून काढला, त्याचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेलेला आहे, सीताबर्डीला जाऊन आणावा लागेल आज संध्याकाळी.


तर्री_जास्त
सोमवार, दुपारी १२:०५

एसएमपीएस घेताना जुना सोबत ने, कनेक्टर पाहून दे म्हणा दुकानदाराला. आणि राइट मेमरी केलं ना?


हिंगण्याचा_आयटीवाला
सोमवार, दुपारी १२:०७

आता केलं 🙏